शपथ कोणत्या भाषेत घ्यायची?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या अभ्यासशिबिरात केलेले हे भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



'कुर्दांचे हक्क आणि लोकशाही' हा विषय शिबिराच्या पत्रिकेवर पाहून तुमच्यापैकी काही जणींना प्रश्न पडला असेल. हुंडा, रेशन, पोटगी, पाणी हे आपले विषय. तुर्कस्तान आणि इराणच्या डोंगरातल्या लोकांचे आपल्याला काय? मी समाजकार्य शिकलेली, कुटुंब सल्ला केंद्रात काम करणारी बाई आहे; परराष्ट्र धोरणाची तज्ज्ञ नाही. तरी हा विषय मी मागून घेतला. कारण 'लोकशाही सुधारणा' हे शब्द आपण सगळीकडे ऐकतो, पण त्या खरोखर झाल्या की नाहीत हे कशावरून ओळखायचे, याची एक कसोटी मला कुर्द बायकांकडून मिळाली. ती तुमच्यासमोर ठेवायची आहे.

आधी थोडी ओळख. तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांच्या सरहद्दी जिथे एकमेकींना भिडतात, त्या डोंगराळ मुलखातला हा समाज. संख्या तीन ते चार कोटींच्या घरात असावी असे अंदाज आहेत. स्वतःचे राष्ट्र नसलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या समाजांपैकी हा एक, आणि त्यातला सर्वांत मोठा हिस्सा तुर्कस्तानात आहे. बहुसंख्य सुन्नी मुसलमान, पण त्यांत शिया आहेत, अलेवी आहेत, यझिदी आहेत. त्यांची कुर्दी भाषा तुर्कीच्या किंवा अरबीच्या कुळातली नाही. ती फारसीच्या जवळची आहे आणि त्यामुळे मराठीशीही तिचे लांबचे नाते आहे. कुर्दीची कुर्मांजी नावाची मोठी बोली आहे. तिच्यात 'नाव' या शब्दाला 'नाव'च म्हणतात. आणि बाईला म्हणतात 'झिन'. संस्कृतातल्या 'जनि'ची ही दूरची बहीण. हा 'झिन' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ओस्मानी साम्राज्य मोडले. १९२० च्या सेव्हरच्या तहात कुर्दांना स्वायत्तता, आणि पुढे कदाचित स्वातंत्र्य, अशी तरतूद होती. १९२३ च्या लोझानच्या तहात ती नाहीशी झाली. लोझानमध्ये अल्पसंख्य म्हणून मान्यता मिळाली ती फक्त बिगर-मुस्लिमांना. कुर्द मुसलमान, म्हणून ते अल्पसंख्य नाहीत. आणि तुर्कस्तानात राहतात, म्हणून ते तुर्कच, असा सोपा हिशेब झाला. गंमत अशी की त्याच तहाच्या ३९ व्या कलमात लिहिले आहे की तुर्कस्तानच्या कोणाही नागरिकावर खाजगी व्यवहारात, व्यापारात, छापील मजकुरात कोणतीही भाषा वापरण्याला बंदी घातली जाणार नाही आणि तुर्की न येणाऱ्याला न्यायालयात आपल्या भाषेत बोलण्याची सोय मिळेल. कागदावर सगळे होते. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षांत कुर्दी शाळा बंद झाल्या. 'कुर्द' हा शब्द टाळण्यासाठी त्यांना 'डोंगरी तुर्क' म्हटले जाऊ लागले. १९२५ चा शेख सईदचा उठाव, १९३७-३८ मधले देरसिम, सगळे बळाने चिरडले गेले. १९८० मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि १९८३ साली केलेल्या २९३२ क्रमांकाच्या कायद्याने कुर्दी भाषेवर सरळ बंदीच आणली. हा कायदा १९९१ पर्यंत होता.

भाषेवर बंदी म्हणजे काय होते? आपण सुशिक्षित बायका लगेच पुस्तके, वर्तमानपत्रे, कवितासंमेलने डोळ्यांसमोर आणतो. ते तर होतेच. पण जिला वाचताच येत नाही तिचे काय? कुर्द खेड्यातल्या बाईचा विचार करा. पुरुष लष्करात सक्तीची नोकरी करून येतो, शहरात मजुरीला जातो, तिथे तुर्की शिकतो. मुलगा शाळेत शिकतो. मुलीला शाळेत घालत नाहीत. म्हणजे घरात तुर्की न येणारी उरते ती बाई. दवाखाना, कचेरी, पोलिस ठाणे, न्यायालय, सगळीकडची भाषा तुर्की. तिला बाळंतपणातली तक्रार सांगायची असो की नवऱ्याने मारल्याची, मध्ये कोणीतरी पुरुष उभा राहणार आणि तिच्या वतीने बोलणार.

हे ऐकताना मला आपल्या सातपुड्यातल्या बायका आठवतात. पावरी बोलणारी बाई आमच्या केंद्रात येते तेव्हा तिच्यासोबत बहुधा सासरचाच कोणी माणूस असतो, कारण मराठी त्याला येते. ती पाच मिनिटे बोलते, हात दाखवते, डोळे पुसते, आणि दीर आम्हाला मराठीत सांगतो, "घरात थोडी कुरबूर आहे म्हणते." पाच मिनिटांचे एक वाक्य होते, आणि ज्याच्या घराविरुद्ध तक्रार, तोच दुभाषा! म्हणून मी म्हणते, अल्पसंख्याकांच्या भाषेचा प्रश्न हा पुढाऱ्यांच्या अस्मितेचा प्रश्न आहे असे आपण समजू नये. बाईसाठी तो साधा तक्रार नोंदवण्याचा प्रश्न आहे.

तुर्कस्तानात हे तुरुंगाच्या दारात सर्वांत उघडे पडले. १९८० नंतर दियारबकिरच्या लष्करी तुरुंगात हजारो कुर्द राजकीय कैदी होते. छळाबद्दल त्या तुरुंगाचे नाव आजही घेतले जाते. भेटीच्या वेळी कुर्दी बोलायला मनाई होती. शेकडो मैलांवरून आलेल्या आया जाळीपलीकडच्या मुलाकडे नुसत्या पाहून परत जात, कारण त्यांना तुर्की येत नव्हते आणि येत होते ते बोलायची परवानगी नव्हती. त्या काळातल्या एका आईची गोष्ट तुर्कस्तानात अनेकांना माहीत आहे. भेटीला जाण्याआधी तिने तुर्कीतले एकच वाक्य पाठ केले, 'कसा आहेस?' भेट संपेपर्यंत ती तेवढेच म्हणत राहिली. कधी विचारपूस म्हणून, कधी धीर द्यायला, कधी निरोप म्हणून. एका वाक्यात तिला सगळे भागवावे लागले.

तुरुंगाच्या दारातल्या या बायकांमधूनच लैला झाना पुढे आली. जन्म १९६१ चा, सिल्वानजवळच्या खेड्यातला. चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले, नात्यातल्याच, वीसएक वर्षांनी मोठ्या मेहदी झानाशी. तो पुढे दियारबकिरचा महापौर झाला आणि १९८० च्या लष्करी उठावानंतर तुरुंगात गेला. लैलाला तेव्हा तुर्की येत नव्हते. ती पदरात मुले घेऊन या तुरुंगातून त्या तुरुंगात भेटीला फिरली, तुर्की शिकली, बाहेरून परीक्षा देऊन शाळेचे शिक्षण पुरे केले. १९८८ मध्ये तुरुंगाबाहेर जमलेल्या नातेवाइकांबरोबर तिलाही अटक झाली. कुणाची तरी बायको म्हणून तुरुंगाच्या दारात गेलेली बाई तिथून स्वतःच्या नावाची कार्यकर्ती होऊन परतली. आपल्याकडच्या कितीतरी जणींचा चळवळीतला प्रवास असाच झाला आहे, नाही का?

१९९१ च्या ऑक्टोबरमध्ये ती दियारबकिरहून संसदेत निवडून गेली. तुर्कस्तानच्या संसदेतली ती पहिली कुर्द स्त्री मानली जाते. ६ नोव्हेंबरला शपथविधी झाला. खासदाराची शपथ राज्यघटनेत शब्दन् शब्द ठरलेली आहे. ती 'महान तुर्की राष्ट्रा'समोर घ्यायची. लैलाने ती तुर्कीत पूर्ण वाचली. नंतर कुर्दीत एक वाक्य जोडले. त्याचा आशय असा होता की तुर्की आणि कुर्द जनतेच्या बंधुभावासाठी मी ही शपथ घेते आहे. तिच्या डोक्याला लाल-पिवळ्या-हिरव्या कुर्दी रंगांची पट्टी होती. सभागृहात एकच गदारोळ झाला. फुटीर, देशद्रोही, अशा आरोळ्या उठल्या. विचार करा, वाक्य बंधुभावाचे होते! गुन्हा होता तो भाषेचा.

१९९४ च्या मार्चमध्ये संसदेने तिचे संरक्षण काढून घेतले. डिसेंबरमध्ये तिला आणि तिच्या पक्षाच्या हातिप दिजले, ओर्हान दोआन, सेलिम सादाक या खासदारांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. कागदोपत्री आरोप सशस्त्र संघटनेच्या सदस्यत्वाचा होता. युरोपीय संसदेने १९९५ साली तिला साखारोव्ह पारितोषिक दिले. खटला न्याय्य पद्धतीने चालला नाही, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले. २००४ च्या जूनमध्ये ती सुटली. आणि त्याच आठवड्यात तुर्कस्तानच्या सरकारी दूरदर्शनवर कुर्दीतला पहिला छोटा कार्यक्रम लागला.

इथे 'लोकशाही सुधारणा' हा शब्द येतो. युरोपीय संघात प्रवेश हवा म्हणून तुर्कस्तानने २००२ नंतर भराभर कायदे बदलले. २००४ मध्ये कुर्दी कार्यक्रम, २००९ मध्ये पूर्ण वेळ कुर्दी वाहिनी, २०१२ पासून शाळेत ऐच्छिक विषय म्हणून कुर्दी, २०१३ मध्ये आरोपीला स्वतःच्या भाषेत बचाव मांडण्याची मुभा. पण दुभाषाचा खर्च आरोपीने करायचा. त्याच वर्षी क्यू, डब्ल्यू आणि एक्स या तीन अक्षरांवरची बंदी उठली. ही अक्षरे कुर्दी लिपीत आहेत, तुर्की लिपीत नाहीत. म्हणून तोवर मुलीचे नाव 'झेलाल' ठेवता येई, पण 'ख'चा किंवा 'व'चा उच्चार या अक्षरांनी लिहिलेले कुर्दी नाव दाखल्यावर चढत नसे.

या सुधारणा मी कमी लेखत नाही. ज्यांनी तुरुंगवास भोगला त्यांच्यामुळेच त्या झाल्या. पण दोन गोष्टी बघा. एक, राज्यघटनेला हात लागला नाही. ४२ वे कलम आजही सांगते की मातृभाषा म्हणून तुर्कीखेरीज दुसरी भाषा शाळेत शिकवता येणार नाही, आणि ६६ वे सांगते की नागरिकत्वाने राज्याशी बांधलेला प्रत्येक जण तुर्क आहे. दुसरी, वरून दिलेली सवलत वरूनच काढून घेता येते. लैला २०११ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये निवडून आली. २०१५ च्या शपथविधीत तिने शांततेची आशा व्यक्त करणारे एक वाक्य कुर्दीत म्हटले आणि 'तुर्की राष्ट्र' ऐवजी 'तुर्कस्तानचे राष्ट्र' असा शब्द वापरला. एका शब्दाचा फरक. शपथ अवैध ठरली. पुढे २०१८ च्या जानेवारीत गैरहजेरीचे कारण देऊन तिचे सदस्यत्वच रद्द झाले. २४ वर्षांत दोन शपथा, आणि दोन्हींचा निकाल एकच.

आता दुसरा मुद्दा, आणि तो आपल्या चळवळीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. राज्यसंस्थेशी भांडणारा पुरुष घरात बायकोशी कसा वागतो? 'आधी कुर्दांची मुक्ती, मग बायकांचे बघू' हे उत्तर कुर्द बायकांनीही ऐकले. आपल्याकडे 'आधी वर्गलढा' असे ऐकायला मिळाले, तसेच. १९९६ मध्ये इस्तंबूलमध्ये काही कुर्द स्त्रीवाद्यांनी 'रोझा' नावाचे नियतकालिक काढले. त्याच वर्षी 'झूझिन' निघाले. झूझिन म्हणजे साळिंदरासारखा काटेरी अंगाचा छोटा प्राणी, आणि त्या शब्दात 'झिन', म्हणजे बाई, दडलेली! त्यांनी दोन्हीकडे काटे दाखवले. तुर्की स्त्रीवाद्यांना त्या म्हणाल्या, 'तुम्ही भगिनीभाव म्हणता, पण आमची भाषा आणि आमची जळलेली गावे तुमच्या भगिनीभावात बसत नाहीत.' आणि कुर्द पुरुषांना म्हणाल्या, 'तुमच्या स्वातंत्र्यात आमच्या घराचा दरवाजा कुठे आहे?' शब्द माझे आहेत, पण भांडणाचा गाभा हाच होता. दलित बहिणींनी आपल्या शिबिरांतून आपल्याला हेच विचारले आहे.

दियारबकिरमधल्या नेबाहत अक्कोच यांचे काम मला विशेष जवळचे वाटते. त्या शिक्षिका आणि शिक्षक संघटनेच्या कार्यकर्त्या. १९९३ मध्ये त्यांच्या शिक्षक पतीचा खून झाला. त्यांना स्वतःला कोठडीत छळ सोसावा लागला. त्या युरोपीय न्यायालयात गेल्या आणि २००० साली न्यायालयाने तुर्कस्तानला दोषी ठरवले. एवढे भोगलेल्या बाईने १९९७ मध्ये काय सुरू केले? काही जणींना सोबत घेऊन 'कामेर' हे स्त्री-केंद्र. सरकारी हिंसेच्या विरोधात लढलेल्या बाईने घरातल्या हिंसेवर काम सुरू केले, कारण दोन्हीकडची हिंसा तिला एकाच जातीची वाटली. बायकांचे गट, मारहाणीविरुद्ध मदत, 'इज्जती'च्या नावाखाली होणाऱ्या खुनांपासून मुलींना वाचवणे, हे सगळे युद्धाच्या छायेत. पुढे हे काम पूर्वेच्या आणि आग्नेयेच्या तेवीस प्रांतांत पसरले.

पक्षाच्या आत ज्या लढल्या त्यांनी वेगळी वाट काढली. कुर्द चळवळीतल्या कायदेशीर पक्षांत बायकांनी आधी चाळीस टक्के कोटा मिळवला, मग सहअध्यक्ष पद्धत आणली. प्रत्येक अध्यक्षपदावर एक बाई आणि एक पुरुष, दोघांचे अधिकार सारखे. २०१४ च्या स्थानिक निवडणुकीत त्यांनी हीच पद्धत महापौरपदाला लावली. कायद्याने महापौर एकच, पण कामकाजात दोघे. दियारबकिरमध्ये गुलतान किशानाक महापौर झाल्या. १९८० च्या दशकात त्या तिथल्याच लष्करी तुरुंगात कैदी होत्या. या भागातल्या काही नगरपालिकांनी कामगारांशी केलेल्या करारात असे कलम घातले की कर्मचाऱ्याने बायकोला मारहाण केली तर त्याच्या पगाराचा हिस्सा थेट तिच्या हातात जाईल. काय साधी आणि नेमकी गोष्ट आहे! नगरपालिकांनी महिला केंद्रे उघडली आणि तिथे बाईला तिच्या भाषेत बोलता येऊ लागले.

आपल्याकडे १९९३ च्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. तरी 'सरपंचपती' हा शब्द अजून आपल्या बोलण्यातून गेलेला नाही. सहअध्यक्ष पद्धतीतही बाई नुसती नावाची राहू शकते, हा धोका त्या बायका जाणून होत्या. म्हणून बाई उमेदवार कोण हे पुरुष ठरवणार नाहीत, बायकांची स्वतंत्र शाखा ठरवेल, असा नियम त्यांनी आग्रहाने लावून धरला. ही कलमे आपण अभ्यासण्यासारखी आहेत.

पण हे टिकू दिले गेले नाही. २०१५ च्या जूनमध्ये त्यांचा पक्ष, एचडीपी, तेरा टक्के मते मिळवून संसदेत ८० जागांवर आला. त्याच उन्हाळ्यात शांतता बोलणी मोडली आणि पुन्हा युद्ध पेटले. २०१६ मध्ये किशानाक यांना अटक झाली. निवडलेल्या महापौरांच्या जागी सरकारने प्रशासक नेमले. अनेक ठिकाणी प्रशासकाच्या पहिल्या कामांपैकी एक होते महिला केंद्र बंद करणे. 'झिन्हा' ही फक्त बायकांनी चालवलेली वृत्तसंस्थाही हुकुमाने बंद झाली. किशानाक २०२४ च्या मे महिन्यात बाहेर आल्या. निवडलेली माणसे हुकुमाने काढता येतात तिथे आधी बायकांची खोली जाते, हे आपण लक्षात ठेवू.

बंदुकीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. पीकेके या संघटनेने १९८४ पासून सशस्त्र लढा दिला. चाळीस हजारांहून अधिक माणसे मेली, बहुसंख्य कुर्दच. सैन्याने हजारो गावे आणि वाड्या रिकाम्या केल्या, अनेक जाळल्या. पीकेकेच्या हातूनही नागरिक मारले गेले, शाळामास्तर मारले गेले. तुर्कस्तान, अमेरिका आणि युरोपीय संघाने तिला दहशतवादी संघटनांच्या यादीत घातले. बंदूक घेतलेल्या कुर्द तरुणींची छायाचित्रे जगभर छापून आली, विशेषतः २०१४ मध्ये कोबानीत 'इस्लामिक स्टेट'शी त्या लढल्या तेव्हा. त्यांच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण जगाच्या वर्तमानपत्रांना बंदूकवाली बाई जेवढी आवडली तेवढी महिला केंद्राची किल्ली सांभाळणारी आवडली नाही, हेही खरे.

आणि स्वतःचे सरकार आले की बाईचा प्रश्न आपोआप सुटतो का? इराकी कुर्दिस्तान याचे उत्तर देते. तिथे १९८८ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीने 'अन्फाल' मोहीम केली. १६ मार्चला हलबजा गावावर विषारी वायू सोडला, सुमारे पाच हजार माणसे मेली. अन्फालमध्ये नेलेल्या हजारो पुरुषांचे पुढे काय झाले ते घरच्यांना कळलेच नाही. त्यांच्या बायका वर्षानुवर्षे ना सधवा ना विधवा अशा राहिल्या. काश्मीरमधल्या 'अर्ध-विधवां'ना भेटलेल्या मैत्रिणींना हे वेगळे सांगायला नको. १९९२ मध्ये तिथे कुर्दांचे निवडलेले विधिमंडळ आले, २००५ च्या घटनेने कुर्दी ही इराकची अधिकृत भाषा झाली. भाषा मिळाली, सत्ता मिळाली. तरीही 'इज्जती'साठी बाईचा खून करणाऱ्याला मिळणारी कायद्यातली सूट काढायला २००० आणि २००२ साल उजाडले, आणि कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आला २०११ मध्ये. तोही बायकांच्या संघटनांनी रेटा लावला म्हणून. भाषा मिळाली की बाईला बोलता येते. ऐकायला लावण्याचे काम मग तिचे तिलाच करावे लागते.

इराणमध्ये तर बोलण्याचीच किंमत मोठी आहे. घटनेच्या १५ व्या कलमात प्रादेशिक भाषांतले साहित्य शाळेत शिकवायला मुभा आहे. पण सनंदज शहरात मुलांना कुर्दी शिकवणाऱ्या झहरा मोहम्मदी या तरुण शिक्षिकेला २०१९ मध्ये अटक झाली आणि पुढे तिने तुरुंगवास भोगला. १६ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानमध्ये पोलिस कोठडीतून रुग्णालयात नेलेली २२ वर्षांची एक मुलगी मेली. जग तिला महसा अमिनी म्हणून ओळखते. घरचे तिला झिना म्हणत. दाखल्यावर मात्र महसा हे फारसी नाव होते. दुसऱ्या दिवशी सक्केझ गावात तिला दफन करताना बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढले आणि घोषणा उठली, 'झिन, झियान, आझादी'. बाई, जगणे, स्वातंत्र्य. ही घोषणा तुर्कस्तानातल्या कुर्द बायकांच्या चळवळीत घडलेली. आता ती फारसीत, अझरी भाषेत, सगळ्या इराणभर गेली. जिचे नाव दाखल्यावर चढले नाही तिच्या भाषेतली घोषणा सगळ्या देशाची झाली. पाचशेहून अधिक माणसे त्या आंदोलनात मारली गेली.

आणखी एक नाव मी मुद्दाम घेते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणी समाजकार्यात आहेत. पखशान अझीझी ही इराणमधली कुर्द समाजकार्यकर्ती. समाजकार्याचीच पदवीधर. तिने ईशान्य सीरियात 'इस्लामिक स्टेट'मुळे विस्थापित झालेल्या बायका-मुलांच्या छावण्यांत काम केले. २०२४ च्या जुलैमध्ये तेहरानच्या न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली आणि २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आपण रोज जे काम करतो, छावणीत बसणे, ऐकणे, नोंद करणे, त्याला कुठे तरी राज्याविरुद्धचे बंड म्हणतात.

आता पुन्हा तुर्कस्तानकडे वळते, कारण कसोटी तिथेच लागली. २०२५ च्या फेब्रुवारीत तुरुंगातून अब्दुल्ला ओजलानने शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन केले. १२ मे रोजी पीकेकेने विसर्जन जाहीर केले. ११ जुलैला इराकमधल्या सुलेमानियाजवळ तीस जणांनी आपली शस्त्रे जाळली. त्यांत निम्म्या स्त्रिया होत्या. ऑगस्टमध्ये तुर्की संसदेने आयोग नेमला. नाव, राष्ट्रीय ऐक्य, बंधुता आणि लोकशाही आयोग. पाहा, १९९१ साली लैलाच्या वाक्यात जो शब्द होता तोच आता सरकारी पाटीवर आला! (बंधुतेत बहिणी कुठे, हे आपण विचारूच.) या आयोगाने त्याच महिन्यात 'शनिवारच्या माता' आणि 'शांतीमाता' यांना बोलावले. शनिवारच्या माता म्हणजे कोठडीत नाहीशा झालेल्या माणसांचे फोटो घेऊन १९९५ पासून इस्तंबूलच्या गलातासराय चौकात बसणाऱ्या बायका. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचा हजारावा शनिवार झाला. शांतीमाता म्हणजे बहुतेक करून लढ्यात मुले गमावलेल्या कुर्द आया. त्यांच्यातली एक बोलायला उठली आणि कुर्दीत बोलू लागली. तिला थांबवण्यात आले. संसदेत तुर्कीच.

चाळीस वर्षांचे युद्ध संपवायला नेमलेला आयोग, आणि मुले गमावलेल्या आईला तिच्या भाषेत बोलता येत नाही! तुरुंगाच्या जाळीपाशी 'कसा आहेस' एवढेच म्हणत राहिलेली आई आणि ही आई यांच्यात चार दशके गेली, कितीतरी कायदे बदलले, वाहिन्या निघाल्या. पण राज्याच्या समोर उभी राहिलेली बाई अजून उसन्या भाषेतच बोलायला बांधलेली आहे. माझी कसोटी ती हीच. कलमे किती बदलली ते मोजाच, पण त्याबरोबर हेही पाहा की जिला राज्याची भाषा येत नाही अशी सर्वांत शेवटची बाई राज्याच्या दारात स्वतःचे म्हणणे स्वतः सांगू शकते का. जिथे ती सांगू शकत नाही तिथली सुधारणा अर्धीच झाली असे समजा.

ही कसोटी आपल्यालाही लावू या. मराठी भाषकांनी राज्यासाठी लढा दिला, माणसे हुतात्मा झाली, १९६० मध्ये राज्य मिळाले. त्या राज्यात कोरकू, गोंडी, माडिया, पावरी बोलणाऱ्या बायका आहेत. घटनेचे ३५० अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते. बोडो आणि संताळी २००३ मध्ये आठव्या अनुसूचीत गेल्या. गोंडी, भिली, कोरकू नाहीत. आपल्याकडे भाषेवर बंदी नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसत नाही. पण बंदी नसूनही ऐकणारे कोणी नसेल तर त्या बाईच्या वाट्याला काय येते?

म्हणून तीन साधे प्रस्ताव ठेवते. आपल्या प्रत्येक सल्ला केंद्राने त्या भागातल्या बोली जाणणाऱ्या बायकांची यादी करावी आणि त्यांना मानधन देऊन दुभाषा म्हणून तयार करावे. सासरच्या माणसाला दुभाषा म्हणून कधीही बसवू नये. पोलिस ठाण्यात तक्रार लिहून घेताना बाईचे शब्द तिच्या भाषेत, देवनागरीत, आधी उतरवले जावेत आणि मग भाषांतर व्हावे, ही मागणी आपण जिल्हा पातळीवर करावी. आणि पखशान अझीझीच्या फाशीच्या शिक्षेविरुद्ध समाजकार्यकर्त्या म्हणून आपण सह्यांचे निवेदन काढावे. ते मराठीत लिहू, सोबत भाषांतर जोडू.

मला सांगायचे होते ते एवढेच. आता तुम्ही बोला. जिला ज्या भाषेत बोलावेसे वाटते त्या भाषेत बोला, आपण थांबून समजून घेऊ.